सुट्टीत मावणारे काम

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पंधरा ते वीस वर्षांच्या मुलामुलींकडून, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या आईवडिलांकडून, एकच विचारणा होऊ लागते : सुट्टीत करण्यासारखे काही सामाजिक काम आहे का? एका सार्वजनिक ग्रंथालयात येणाऱ्या स्वयंसेवकांची व्यवस्था मी पाहते, त्यामुळे ही विचारणा माझ्यापर्यंत बऱ्याच वाटांनी येऊन पोहोचते. उत्तरादाखल बहुतेक जण आधी आवड विचारतात. प्राणी आवडतात का, मुले आवडतात का, झाडे आवडतात का, असे विचारून झाले की त्या त्या संस्थेचे नाव सांगून मोकळे होतात. मी पहिला प्रश्न वेगळा विचारते. शाळा किंवा महाविद्यालय सुरू होईल, त्या दिवशी हे काम कोणाच्या हाती असेल?

या प्रश्नाची दोनच उत्तरे मला चालतात. एक तर काम तोवर पूर्ण झालेले असेल, किंवा ते पुढे चालवणारे माणूस आधीच ठरलेले असेल. ‘बघू तेव्हा’ हे तिसरे उत्तर आले तर ते काम सुट्टीपुरते हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुट्टी पाच-सहा आठवड्यांची, फार तर दोन महिन्यांची. त्यातले काही दिवस गावी जाण्यात, काही लग्नकार्यात, काही नुसत्या आळसात जाणार, आणि ते जायलाही हवेत. उरलेल्या वेळात जे मावते तेवढेच अंगावर घेतले, तर घेणाऱ्याचे आणि ज्याच्यासाठी घेतले त्याचे, दोघांचेही भले होते. उत्साहाच्या भरात सुरू होऊन जूनमध्ये पोरक्या झालेल्या उपक्रमांची यादी कोणत्याही वस्तीत सहज सापडेल.

सुट्टीत मावणाऱ्या कामांत ग्रंथालयाचे काम मी सर्वांत वर ठेवते. ते माझ्या ओळखीचे आहे हे एक कारण झालेच, पण ते खरोखरच संपते, हे त्याहून मोठे कारण आहे. लहान ग्रंथालयांत पुस्तके देण्याघेण्यातच कर्मचाऱ्याचा दिवस जातो आणि फळ्या तपासण्याचे काम वर्षानुवर्षे मागे पडते. ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयावरून आकडे देण्याच्या १८७६ पासून वापरात असलेल्या पद्धतीत, पक्ष्यांवरचे पुस्तक ५९८ या आकड्याखाली लागते. आकड्यांची अदलाबदल होऊन ते ५८९ मध्ये, म्हणजे वनस्पतींच्या शेजारी, जाऊन बसले की ते हरवल्यातच जमा असते, कारण नोंद म्हणते पुस्तक आहे, वाचक म्हणतो नाही, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. अशी पुस्तके शोधायला अनुभव लागत नाही. दोघे जण लागतात. एकाने फळीवरून एकेक पुस्तक काढून दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आले तेव्हा त्याला दिलेला क्रमांक, मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने दाखलनोंद वहीत त्या क्रमांकापुढे खूण करायची. दोन तासांनी कामे बदलायची, कारण वाचणाऱ्याचा घसा आणि खूण करणाऱ्याचे लक्ष, दोन्ही साधारण एकाच वेळी थकतात.

त्याच्या जोडीला पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या असतात. जुन्या चिठ्ठ्यांचा डिंक सुकून त्या गळून पडलेल्या असतात. नवी चिठ्ठी लावताना ती तळापासून ठरावीक उंचीवर यावी लागते, नाहीतर फळीवरचे आकडे वरखाली होतात आणि नजर अडखळते. त्यासाठी पुठ्ठ्याची एक पट्टी कापून घ्यावी, तिची खालची कड पुस्तकाच्या तळाशी टेकवावी आणि वरच्या कडेला चिठ्ठी लावावी. पहिल्या दिवशी मुले ही पट्टी बाजूला ठेवून अंदाजाने चिठ्ठ्या लावू पाहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीच मुले नव्याने आलेल्यांना पट्टी वापरण्याचा आग्रह करताना दिसतात. कपाटे तपासून झाली, चिठ्ठ्या लागल्या आणि न सापडलेल्या पुस्तकांची यादी ग्रंथपालांच्या हाती पडली, की काम संपले. ते पुढची काही वर्षे टिकते आणि ते टिकवण्यासाठी त्या मुलांना पुन्हा यावे लागत नाही.

ज्येष्ठांना मोबाईल शिकवण्याचे काम वरवर याच्या उलट वाटते, कारण माणसे काही कपाटांसारखी तपासून संपत नाहीत. पण तेही सुट्टीत बसवता येते, मात्र त्याला एक कडक नियम हवा : फोन आजोबांच्याच हातात राहिला पाहिजे. ‘आजोबा, द्या इकडे, मी करून देते’ असे म्हणून मुलगी फोन हातात घेते, चार ठिकाणी बोट लावते, काम झटकन होते आणि शिकवणे तिथेच संपते. दुसऱ्या दिवशी आजोबा तोच प्रश्न घेऊन हजर असतात आणि दोघांनाही थोडा राग आलेला असतो. त्याऐवजी तिने हात मागे बांधून फक्त तोंडाने सांगावे. सुरुवातीला फार वेळ लागतो. आजोबांचे बोट काचेवर जास्त वेळ टेकलेले राहते आणि भलतीच यादी उघडते. अक्षरे बारीक असतात. ‘मागे जा’ म्हणजे नेमके कुठे जायचे, ते कळत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत अक्षरे मोठी करणे, आवाज वाढवणे आणि घरच्यांचे क्रमांक पहिल्या पडद्यावर आणणे, एवढेच करावे. नंतर प्रत्येक कृतीच्या पायऱ्या आजोबांनी स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घ्याव्यात. दुसऱ्याने सुवाच्य अक्षरात लिहून दिलेल्या वहीपेक्षा स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरातली वही जास्त उघडली जाते, असे मी पाहिले आहे.

पैशांच्या व्यवहाराबाबत मात्र शिकवणाऱ्यानेच अंतर राखायला हवे. बँकेचा पिन, पासवर्ड, ओटीपी यांपैकी काहीही स्वयंसेवकाने पाहू नये, ऐकू नये आणि ‘लक्षात ठेवतो’ असे तर मुळीच म्हणू नये. पुढे कधी काही गडबड झाली तर संशय सर्वांत आधी मदतीला आलेल्या पोरावर जातो. शिकवायचेच असेल तर फसवणुकीचे फोन कसे ओळखायचे ते शिकवावे : समोरचा घाई करतो आहे का, फोन ठेवू देत नाही का, कोणाला सांगू नका म्हणतो का, ओटीपी मागतो का. ‘मी मुलाला विचारून सांगतो’ एवढे एक वाक्य बोलून फोन ठेवण्याचा सराव दोन-तीनदा करून घेतला, तरी सुट्टी सार्थकी लागली असे समजायला हरकत नाही.

ज्यांना गप्पांची आवड आहे त्यांच्यासाठी वस्तीतल्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम आहे. हे काम सोपे समजून अनेक जण घेतात आणि मुद्रणांचा ढीग करून ठेवतात. एका तासाचे बोलणे ऐकून कागदावर उतरवायला चार ते सहा तास सहज लागतात, त्यामुळे सुट्टीत वीस मुलाखती घेण्यापेक्षा तीनच घ्याव्यात आणि त्या पूर्ण लिहून काढाव्यात. बोलणाऱ्याची परवानगी सुरुवातीलाच मुद्रणात घ्यावी, लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवावा आणि ते ‘हे काढ’ म्हणाले तर मुकाट्याने काढावे. मुद्रण दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवावे आणि त्यांतले एक ठिकाण मुलाचा स्वतःचा फोन नसावे.

उन्हामुळे, आजारपणामुळे किंवा घरच्या जबाबदारीमुळे ज्यांना बाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी संगणकावर करण्याची खरीखुरी कामे आहेत. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा स्वयंसेवकांनी तयार केलेला आहे. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा मदतपथकांच्या उपयोगी पडेल असा तपशीलवार नकाशा उपलब्ध नव्हता. जगभरातल्या शेकडो लोकांनी उपग्रहचित्रे पाहून रस्ते, इमारती आणि छावण्या रेखल्या आणि काही दिवसांतच मदत करणारे लोक तो नकाशा वापरू लागले. यातूनच दुर्लक्षित प्रदेशांचे नकाशे आपत्तीच्या आधीच तयार ठेवण्याची चळवळ वाढली. दहावीतल्या मुलालाही हे रेखन एका दुपारी शिकता येते आणि त्याने रेखलेला रस्ता अनुभवी माणसे तपासतात, त्यामुळे चुकीची धास्ती राहत नाही. आपल्याच परिसरात पाण्याचे नळ कुठे आहेत, चाकाच्या खुर्चीला कोणत्या इमारतीत उतार आहे, कोणत्या चौकात पदपथ मध्येच तुटतो, हे चालत फिरून टिपायचे आणि नकाशावर चढवायचे, हा त्याचाच घराजवळचा प्रकार झाला.

खगोलशास्त्राची ओढ असलेल्यांसाठी गॅलेक्सी झू हा प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. दीर्घिकांची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, छायाचित्रे पाहून त्यांचा आकार ओळखण्याचे काम त्यात सामान्य लोकांकडे सोपवले गेले. त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी अनोळखी चमकता पुंजका दिसला, तिने तो काय आहे असे विचारले, आणि पुढे तो तिच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. अशा प्रकल्पांत प्रत्येक चित्र अनेकांना दाखवून मतांचा मेळ घातला जातो, म्हणून कोणी मध्येच थांबले तरी काम अडत नाही. मराठी वाचनाची गोडी असलेल्यांना विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयात जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांची पाने तपासता येतात. पानाचे छायाचित्र एका बाजूला, यंत्राने ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला, आणि यंत्राने केलेले ‘भ’चे ‘म’ आणि ‘घ’चे ‘ध’ दुरुस्त करणारा माणूस मध्ये. एक पान तपासून झाले की ते झाले. सुट्टीच्या हिशेबाने याहून सोयीचे काम मला ठाऊक नाही, आणि याबद्दल सर्वांत कमी विचारणा होते हेही तितकेच खरे आहे. छायाचित्रात काही दिसत नाही, हे त्यामागचे एक कारण असावे.

ज्या कामांची छायाचित्रे चांगली येतात, त्यांच्याविषयी आता थोडे. कडक उन्हाळ्यात वृक्षारोपण करू नये. खड्डे खणणे, बिया गोळा करून वाळवणे, आधी लावलेल्या झाडांना पाणी घालणे आणि त्यांची आळी दुरुस्त करणे ही उन्हाळ्याची कामे आहेत. त्यांत समारंभाला जागा नसते, म्हणून ती मागे पडतात. गेल्या पावसाळ्यात लावलेली किती झाडे जगली आहेत याची मोजदाद करण्याचे काम तर कोणीच मागत नाही, आणि पुढची झाडे कुठे लावावीत हे ठरवणाऱ्यांना ती माहिती सर्वांत जास्त हवी असते.

पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी ठेवण्याचेही तसेच. कल्पना चांगली आहे, पण भांडे ठेवणे हे काम नसून ते धुणे हे काम आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला उष्ण हवेत साधारण सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी भांडे पूर्ण रिकामे करावे लागते. नुसते पाणी बदलून भागत नाही, कारण त्याची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही ती कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी लागले की त्यांतून अळ्या निघतात. भांडे काथ्याने घासले पाहिजे. उत्साही मुलांनी वस्तीत पन्नास भांडी ठेवली आणि सुट्टी संपल्यावर ती तशीच राहिली, तर पाऊस सुरू होताच त्या पन्नास जागी डासांची सोय होते. भांडी पाचच ठेवावीत, प्रत्येक भांड्याला एका घराचे नाव असावे आणि सुट्टीच्या शेवटी ज्या भांड्याला घर नाही ते उचलून आणावे.

सर्वांत जास्त काळजी लहान मुलांबरोबरच्या कामात घ्यावी लागते. अनाथाश्रमात जाऊन मुलांशी खेळण्याची इच्छा अनेक तरुण मनापासून व्यक्त करतात आणि त्यांना नाही म्हणणे अवघड जाते. तरीही मी नाही म्हणते. ज्या मुलांच्या आयुष्यातून माणसे आधीच निघून गेलेली आहेत, त्यांच्याकडे दर सुट्टीत नवे ताई-दादा येतात, जीव लावतात आणि ठरलेल्या दिवशी जातात. त्या मुलांच्या दृष्टीने ही पुन्हा पुन्हा होणारी ताटातूट असते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ मध्ये बालहक्कांविषयी केलेल्या ठरावात अनाथालयांतल्या अशा अल्पकालीन स्वयंसेवेच्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख केलेला आहे, कारण काही देशांत पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईवडील असलेली मुलेही अशा संस्थांत आणून ठेवली जातात. अशा ठिकाणी मदत करायचीच असेल तर ती मुलांपासून दूर राहून करता येते : हिशेब संगणकात भरणे, पुस्तकांना कव्हर घालणे, भिंती रंगवणे.

वस्तीतल्या, आपापल्या घरी राहणाऱ्या मुलांबरोबर वाचन करणे, गणित सोडवून घेणे किंवा खेळ घेणे याला माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. मुदत मात्र पहिल्या दिवशीच मुलांना सांगून टाकावी. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये दहावीच्या १०६ विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, प्राथमिक शाळेतल्या मुलांना मदत करायला पाठवले गेले आणि उरलेल्यांना थांबायला सांगितले गेले. दहा आठवड्यांनंतर, काम केलेल्या विद्यार्थ्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल आणि शरीरातला दाह दाखवणारे एक द्रव्य थांबलेल्यांच्या तुलनेत कमी आढळले. एका अभ्यासावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण मला त्यातली मात्रा महत्त्वाची वाटते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मुदतीपर्यंत. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतःला झोकून देणारे स्वयंसेवक दुसऱ्याच आठवड्यात दिसेनासे होतात, हे समन्वयकाचे काम केलेल्या कोणालाही विचारून पाहावे.

सुट्टीतल्या श्रमशिबिरांचा इतिहासही मर्यादित कामाच्याच बाजूने बोलतो. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, पिएर सेरेझोल या स्विस शांततावादी अभियंत्याने फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात वेगवेगळ्या देशांतल्या मूठभर स्वयंसेवकांना एकत्र आणले. त्यांत काल-परवापर्यंत शत्रू असलेल्या देशातले, म्हणजे जर्मनही होते. त्यांनी गावकऱ्यांसाठी तात्पुरती घरे उभी केली, रस्ते दुरुस्त केले, तोफगोळ्यांनी उखडलेली जमीन सपाट केली. स्थानिक विरोधामुळे ते काम काही महिन्यांतच आटोपावे लागले, पण उभी राहिलेली घरे उभी राहिली. यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना वाढली आणि १९३४ च्या भूकंपानंतर सेरेझोल स्वतः सोबत्यांसह बिहारमध्ये गावे पुन्हा बांधायला आले. ‘शब्द नकोत, कृती हवी’ हे त्यांचे ब्रीद. आजही अशी शिबिरे बहुधा दोन-तीन आठवड्यांची असतात आणि त्यांत कोणती भिंत किंवा कोणता बंधारा पूर्ण करायचा, ते आधी ठरलेले असते.

प्रमाणपत्राचा विषय टाळता येत नाही, कारण पालकांचा दुसरा प्रश्न बहुधा तोच असतो. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १९९९ पासून शालान्त पदविकेसाठी ४० तासांचे समाजकार्य सक्तीचे केले गेले. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात ती अट ७५ तासांची आहे. अशा अटींमुळे एरवी जे आले नसते ते तरुण संस्थांच्या दारापर्यंत येतात, हे मान्य करावे लागेल. पण अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्यांना मुळात स्वयंसेवेची ओढ नव्हती त्यांच्यावर सक्ती जाणवण्याइतकी झाली, तर पुढे स्वतःहून काम करण्याची त्यांची इच्छा आणखी कमी होते. माझी अडचण त्याहून साधी आहे. तास मोजायला लागले की मुले तास भरतात. फळी लवकर तपासून झाली तर घड्याळाकडे बघत बसतात, कारण लवकर संपवण्यात त्यांचा तोटा असतो. म्हणून आमच्याकडच्या पत्रात मी तासांऐवजी काय पूर्ण झाले ते लिहिते : अमुक विभागाची पूर्ण तपासणी, इतक्या पुस्तकांच्या नव्या चिठ्ठ्या, न सापडलेल्या पुस्तकांची यादी. तासांचा रकाना मागणाऱ्या संस्थेसाठी तो वेगळा भरून देते, पण खाली, लहान अक्षरांत.

संस्थांच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. स्वयंसेवक फुकट मिळतो असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात त्याला काम समजावून सांगायला, त्याचे काम तपासायला आणि तो न आल्यास ते भरून काढायला कोणाचा तरी वेळ जातो. तीस मुलांचा गट एका दिवसासाठी येतो तेव्हा संस्थेचा तो दिवस बहुतेक वेळा पाहुणचारातच संपतो. दोघेच जण पाच आठवडे, आठवड्यातून तीन सकाळी आले, तर पहिला आठवडा शिकवण्यात जाऊनही चार आठवडे पदरात पडतात. त्यामुळे विचारायला जाताना ‘मी काहीही करायला तयार आहे’ असे म्हणू नये. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही आणि काम शोधून देण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर पडते. ‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार सकाळी आठ ते अकरा येऊ शकते, माझे अक्षर चांगले आहे आणि मला संगणकावर मराठी टंकन येते, तुमचे बरेच दिवस राहून गेलेले असे काही काम आहे का?’ असे विचारावे. ‘राहून गेलेले काम’ हे शब्द ऐकताच बहुतेक कार्यालयांत कोणीतरी एखाद्या कपाटाकडे बोट दाखवते.

अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांचे लेखी संमतीपत्र संस्थेने मागितले पाहिजे, आणि तिने मागितले नाही तर पालकांनी आपणहून द्यावे व त्यावर तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा ते लिहावे. कोणत्याही मोठ्या माणसाने स्वयंसेवक मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने काम करू नये, आणि स्वयंसेवकानेही लहान मुलांबरोबर तसे करू नये. दार उघडे आणि दोन मोठी माणसे नजरेच्या टप्प्यात, हा नियम कोणावरही अविश्वास न दाखवता सर्वांना लागू करता येतो. ज्यांना मदत केली त्यांची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत. रुग्णालये, रक्तपेढ्या आणि प्राण्यांचे दवाखाने यांच्या वयाच्या अटी वेगवेगळ्या असतात, त्या आधी विचारून घ्याव्यात म्हणजे हेलपाटा वाचतो.

बाहेरच्या कामात ऊन हा खरा धोका आहे, आणि तरुणांना तो आपल्याला लागू नाही असे वाटते. सकाळी लवकर सुरू करून अकराच्या आत आवरावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. उन्हात काम करण्याची सवय नसलेल्याने पहिल्या दिवशी ठरल्या वेळेच्या पाचव्या हिश्शाइतकेच काम करावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे, कारण शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला एक-दोन आठवडे लागतात. कोणी असंबद्ध बोलू लागले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा शुद्ध हरपू लागली तर तो नुसता थकवा नव्हे, उष्माघात असू शकतो. त्याला लगेच सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवावी. आधी बरे वाटते का ते पाहू, असे म्हणत थांबू नये. प्रथमोपचाराचा छोटा अभ्यासक्रम सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात करून घेतला तर तो इथेही कामी येतो आणि पुढेही.

शेवटच्या आठवड्यात नवे काहीही सुरू करू नये. तो आठवडा सोपवण्यासाठी राखून ठेवावा आणि एक पानभर टिपण लिहावे. कोणते काम पूर्ण झाले, कोणते अर्धे राहिले आणि नेमके कुठपर्यंत आले, वस्तू कुठे ठेवल्या आहेत, कोणत्या गोष्टी करून पाहिल्या आणि जमल्या नाहीत, पुढे कोण पाहणार आहे, एवढे त्यात असावे. ‘ब विभाग, तिसरे कपाट, वरून दुसऱ्या फळीपर्यंत तपासले, डिंक आणि पट्टी खणात, पाचव्या कपाटाचे दार अडकते, जोर लावू नये’ अशी भाषा असली की पुढच्याला ते वाचून त्याच दिवशी काम सुरू करता येते. सामायिक खात्यांचे पासवर्ड बदलून घ्यावेत, आपल्या फोनमधली इतरांची माहिती पुसावी आणि कपाटाची किल्ली परत केल्याची सही त्याच पानावर घ्यावी.